कांद्याच्या पेशीत हिरवं काहीच का दिसत नाही? आणि जिवाणूची भिंत झाडाच्या भिंतीपेक्षा वेगळी कशी?

खाडीकाठ_ऐरोली

नमस्कार मंडळी. मुलगी आठवीत आहे, मराठी माध्यम. पेशी आणि पेशीअंगकांचा धडा चालू आहे आणि घरात त्यावरून प्रश्नांची सरबत्ती सुरू आहे. मी कॉमर्सचा. बायकोनं बारावीपर्यंत सायन्स केलंय, पण तिलाही आता सगळं आठवत नाही. गाइडमधली उत्तरं मुलीला पटत नाहीत आणि मलाही पटत नाहीत. तिचे तीन प्रश्न जवळजवळ तिच्याच शब्दांत देतो.

१) शाळेत कांद्याच्या पापुद्र्याची स्लाइड दाखवली. आयोडिन टाकल्यावर चौकोनी-लांबट खाने दिसले, प्रत्येकात एक गडद ठिपका, म्हणजे केंद्रक. पुस्तकातल्या वनस्पती पेशीत हिरवी हरितलवकं आहेत, कांद्यात एकही नव्हतं. वहीत मात्र हरितलवकांसकट आकृती काढायला सांगितली. मग कांदा वनस्पती नाही का?

२) वनस्पती, प्राणी आणि जिवाणू पेशींच्या तुलनेच्या तक्त्यात लिहिलंय की जिवाणूंत तंतुकणिका (मायटोकॉन्ड्रिया) नसतात. त्याच पानावर लिहिलंय की ऊर्जा तंतुकणिकेत तयार होते. मग जिवाणू जगतो कशावर?

३) पेशीभित्तिका झाडालाही आहे आणि जिवाणूलाही. मध्यंतरी तिचा घसा धरला तेव्हा डॉक्टरांनी अमॉक्सिसिलिन दिलं आणि समजावून सांगितलं की हे औषध जिवाणूला भिंत बांधू देत नाही. आता तिचं म्हणणं, बाल्कनीतल्या तुळशीला ते औषध घातलं तर तुळस मरेल का?

तिसऱ्यावर मी गप्पच बसलो. कुणी नीट समजावून सांगेल का? तिला वाचायला देणार आहे, तेव्हा मोठं लिहिलंत तरी चालेल.

स्लाइडवाली_ठाणे

मी नौपाड्यात एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये मायक्रोबायोलॉजी बघते. दिवसभर डोळा मायक्रोस्कोपलाच असतो, म्हणून जे रोज बघते त्यावरूनच सांगते. बाळा, तू हे वाचणार आहेस तर थेट तुझ्याशीच बोलते.

पहिला प्रश्न. कांदा वनस्पतीच आहे. पुस्तकातली आकृती मात्र कुठल्याही एका खऱ्या पेशीची नाही. वेगवेगळ्या पेशींत जे जे सापडतं ते एका चौकटीत आणून ठेवलेलं ते चित्र आहे. कांद्याचं आपण जे खातो ते जमिनीत वाढतं, तिथे उजेड पोचत नाही आणि त्या पेशींचं काम अन्न साठवायचं. प्रकाश नाही तिथे हरितलवक कशाला हवं? मुळांच्या पेशींतही ते नसतं. तुझ्याच शरीरात बघ. तांबड्या रक्तपेशीत केंद्रकही नाही आणि तंतुकणिकाही नाहीत. पक्व होताना ती हे सगळं बाहेर टाकते आणि हिमोग्लोबिनसाठी जागा करते. सुमारे १२० दिवस ती तशीच फिरते आणि मग मोडीत निघते. पुस्तकातल्या प्राणी पेशीच्या चित्राशी ताडून बघितलं तर ती नापासच होईल. पण ऑक्सिजन वाहायला तिच्याइतकी योग्य पेशी दुसरी नाही.

म्हणून माझं सांगणं असं, की 'हे असतं, ते नसतं' हा तक्ता पाठ करण्याआधी दोन गोष्टी विचारायच्या: ही पेशी राहते कुठे आणि तिचं काम काय? बहुतेक रकाने मग आपोआप भरतात. उदाहरणार्थ, प्राणी पेशीला भित्तिका का नाही? पसाचा स्मिअर (काचेवर पसरलेला पातळ थर) ग्रॅम स्टेन करून, म्हणजे रंगवून, बघितला की उत्तर समोरच असतं. न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी जिवाणूंना चहूबाजूंनी वेढून गिळतात आणि कधीकधी गिळलेले जिवाणू त्यांच्या आत स्पष्ट दिसतात. कडक भिंत असलेल्या पेशीला असं वाकून दुसऱ्याला आत घेता आलं नसतं. फिरायचं, गिळायचं, आकुंचन पावायचं, तर बाहेरचं आवरण मऊच हवं. आधार लागतो, तो आपल्या शरीरात पेशींच्या बाहेर विणलेल्या कोलॅजनसारख्या धाग्यांतून आणि हाडांतून मिळतो.

या मऊपणाची किंमतही आहे. रक्ताच्या थेंबात डिस्टिल्ड वॉटर घातलं की तांबड्या पेशींत पाणी शिरतं, त्या फुगतात आणि फुटतात. गढूळ लाल द्रव बघता बघता पारदर्शक लाल होतो. म्हणून लॅबमध्ये त्या पेशी धुवायच्या असल्या की आम्ही ०.९ टक्के मिठाचं पाणी वापरतो. सलाइनच्या बाटलीवर हाच आकडा लिहिलेला असतो, पुढच्या वेळी वाचून बघ.

दुसरा प्रश्न मला मनापासून आवडला. जिवाणू श्वसन करतो, फक्त त्यासाठी वेगळं अंगक ठेवत नाही. त्याच्या भित्तिकेच्या आत जे पातळ प्रद्रव्यपटल असतं, त्यातच श्वसनाची सगळी प्रथिनं बसवलेली असतात. अन्नातून निघालेल्या इलेक्ट्रॉनच्या जोरावर हायड्रोजनचे आयन पटलाबाहेर ढकलले जातात. ते परत आत येताना एका फिरत्या प्रथिनातून येतात आणि त्या फिरण्यातून एटीपी (पेशी ऊर्जेसाठी वापरते ते द्रव्य) तयार होतो. तुझ्या तंतुकणिकेच्या आतल्या पटलावर हेच चालतं, अगदी त्याच जातीच्या प्रथिनांनी.

हा योगायोग नाही. तंतुकणिका मुळात जिवाणूच होती. दीड-दोन अब्ज वर्षांपूर्वी एका मोठ्या पेशीत एक जिवाणू शिरला, पचला नाही, आत राहिला, आणि पुढे दोघांचं एकमेकांवाचून चालेना. लिन मार्ग्युलिस या अमेरिकी शास्त्रज्ञ बाईंनी १९६७ मध्ये हा विचार सविस्तर मांडला. सुरुवातीला त्यांना फार विरोध झाला. आज तो विचार पुस्तकात आहे, कारण पुरावा तंतुकणिकेच्या आतच सापडला. तिच्याकडे स्वतःचा डीएनए आहे, जिवाणूसारखाच गोल. माणसात तो १६,५६९ अक्षरांचा असतो आणि त्यात ३७ जनुकं असतात. तिचे रायबोझोमही (प्रथिनं बनवणारे बारीक कण) जिवाणूच्या वळणाचे आहेत. आणि जिवाणूसारखीच ती दुभंगून वाढते. पेशीला कोऱ्यातून नवी तंतुकणिका बनवता येत नाही, आधीच्या तंतुकणिकेतूनच नवी होते. तेव्हा तक्त्यात 'जिवाणूत तंतुकणिका नाही' हे वाचलंस की लक्षात ठेव, जिवाणू हीच तिची मूळ जात आहे.

या नात्याचा परिणाम आजही दवाखान्यात दिसतो. स्ट्रेप्टोमायसिन, जेंटामायसिन ही औषधं जिवाणूच्या रायबोझोमला धरतात. काही माणसांच्या तंतुकणिकेतल्या डीएनएत एका अक्षराचा बदल असतो आणि त्यामुळे त्यांच्या तंतुकणिकेचा रायबोझोम जिवाणूच्या रायबोझोमशी जास्तच मिळताजुळता होतो. अशांना हे औषध दिलं तर कायमचं बहिरेपण येऊ शकतं. हा बदल आईकडून मुलांत येतो, कारण तंतुकणिका आईच्या अंड्यातूनच मिळतात. एका अक्षरानं एवढं होतं. म्हणून 'पेशीची रचना' हा विषय कुणी कोरडा म्हटला की मला वाईट वाटतं.

आता भिंत. झाडाची भिंत मुख्यतः सेल्युलोजची. ग्लुकोजच्या लांबच लांब साखळ्या, त्यांच्या जुड्या, मध्ये पेक्टिनसारखे पदार्थ. जिवाणूची भिंत पेप्टिडोग्लायकॅनची. त्यात दोन प्रकारच्या शर्करा आळीपाळीनं जोडलेल्या असतात आणि या साखळ्या एकमेकींना अमिनो आम्लांच्या छोट्या दुव्यांनी बांधलेल्या असतात. त्यामुळे जिवाणूभोवती सलग जाळं तयार होतं. बुरशीची भिंत तिसऱ्याच पदार्थाची, कायटिनची. तक्त्यात तिघांपुढे नुसतं 'आहे' लिहितात आणि तिथेच घोटाळा होतो.

अमॉक्सिसिलिन, आणि त्याचं मूळ पेनिसिलिन, जे अलेक्झांडर फ्लेमिंग यांना १९२८ मध्ये सापडलं, हे त्या दुव्यांवर काम करतं. दुवे जोडणारं जे विकर (एन्झाइम) असतं, त्याला हे औषध जाऊन चिकटतं आणि सोडतच नाही. जिवाणू वाढत असतो, भिंतीचं जुनं जाळं कापून नवं घालत असतो. कापणं चालू राहतं, जोडणं थांबतं. आतल्या दाबानं तो फुटतो. तुळशीत असे दुवेही नाहीत आणि ते जोडणारं विकरही नाही. औषधाला धरायला काही नाही, म्हणून तुळस मरणार नाही. (तरी घालू नकोस. कुंडीतल्या मातीत कितीतरी उपयोगी जिवाणू असतात, आणि औषधाला दाद न देणारे जिवाणू वाढायला आपण हातभार का लावायचा?) तुझ्या स्वतःच्या पेशींनाही भिंत नाही, म्हणून घशातला जिवाणू मरतो आणि घसा राहतो.

भिंतीचा हा फरक आम्हाला रोज डोळ्यांनी दिसतो. डेन्मार्कचे हान्स क्रिस्टियान ग्रॅम यांनी १८८४ मध्ये दिलेली पद्धत आजही चालते. स्मिअर वाळवायचा, आचेवर धरून पक्का करायचा, क्रिस्टल व्हायोलेट, मग आयोडिन, मग अल्कोहोलनं धुवायचं, शेवटी सॅफ्रॅनिन. ज्यांची भिंत जाड, ते जांभळा रंग धरून ठेवतात. ज्यांची पातळ, आणि तिच्याबाहेर आणखी एक पटल असतं, त्यांचा जांभळा रंग अल्कोहोलमध्ये निघून जातो आणि ते गुलाबी दिसतात. घशातला स्ट्रेप्टोकोकस जांभळा, साखळीत. लघवीच्या संसर्गातला ई. कोलाय गुलाबी, काड्यांसारखा. क्षयाचा जिवाणू दोन्हींत बसत नाही. त्याच्या भिंतीवर मेणासारख्या मेदाम्लांचा थर असतो, त्यामुळे ग्रॅमचा रंग नीट चढतच नाही. त्याला गरम कार्बॉल फुक्सिन लागतं. ते एकदा चढलं की आम्लानंही उतरत नाही. निळ्या पार्श्वभूमीवर लाल बारीक काड्या दिसल्या की आम्ही सगळं बाजूला ठेवून आधी तो रिपोर्ट कळवतो.

आणि मायकोप्लाझ्मा नावाच्या जिवाणूला भिंतच नसते! त्याच्यामुळे झालेल्या न्यूमोनियावर अमॉक्सिसिलिनचा काहीही उपयोग नाही. तिथे डॉक्टर रायबोझोमवर काम करणारं औषध देतात, अझिथ्रोमायसिन किंवा डॉक्सिसायक्लिन. म्हणजे कुठलं औषध लागू पडणार हे त्या सूक्ष्म पेशीला कुठला भाग आहे आणि कुठला नाही यावर ठरतं. तू आठवीत जे शिकते आहेस ते हेच.

अकरावी_नेरूळ

ताई, खूप छान लिहिलंय, मी स्क्रीनशॉट काढून ठेवला. पण एक सांगू का, परीक्षेत 'वनस्पती पेशीची नामनिर्देशित आकृती काढा' असंच येतं. तिथे हरितलवक काढलं नाही तर गुण जाणारच. तेव्हा तिला काढू नकोस असं सांगणं धोक्याचं आहे.

आणि माझी एक शंका. जिवाणूचा रायबोझोम ७०एस, त्याचे दोन भाग ५०एस आणि ३०एस. आपला ८०एस, त्याचे ६०एस आणि ४०एस. बेरीज जमत नाही. आमच्या क्लासमध्ये 'ते तसंच असतं, पाठ कर' म्हणाले.

तिवर

मी वनस्पतीशास्त्र शिकवत असे, आता निवृत्त आहे. कोपरीत राहतो. वरच्या ताईंनी जिवाणूची बाजू इतकी सुरेख मांडली आहे की मी फक्त वनस्पतींकडे वळतो. तिकडे पुस्तकं फार घाई करतात आणि सगळ्यात जास्त अन्याय रिक्तिकेवर होतो. 'पाणी व टाकाऊ पदार्थ साठवते', एवढ्या एका ओळीत तिची बोळवण करतात. पूर्ण वाढलेल्या वनस्पती पेशीचा ८०-९० टक्क्यांपर्यंत भाग रिक्तिकेनं व्यापलेला असतो. केंद्रक, हरितलवकं, तंतुकणिका हे सगळं भिंतीलगतच्या पातळ थरात दाटीवाटीनं बसलेलं असतं. कांद्याच्या स्लाइडमध्ये केंद्रक बहुतेक वेळा एका कडेला दिसतं, त्याचं कारण हेच. मुलीला विचारा, तिला ते कडेलाच दिसलं होतं का?

रिक्तिका आणि भिंत यांचा विचार जोडीनं करावा. सायकलची ट्यूब एकटी फुगवली तर वेडीवाकडी होऊन फुटते, पण टायरच्या आत असली की कडक होते आणि माणसाचं वजन पेलते. रिक्तिकेत पाणी ओढलं जातं, ती फुगून भिंतीवर दाब देते, भिंत तो दाब झेलते, आणि या ताणावरच कोथिंबिरीची काडी उभी राहते. पाणी मिळालं नाही की भिंत तशीच असते पण आतला दाब जातो, म्हणून जुडी मान टाकते. ताईंनी सांगितलेली तांबडी पेशी साध्या पाण्यात फुटली, कारण तिला भिंत नाही. वनस्पती पेशी त्याच पाण्यात टवटवीत राहते.

आता खाडीकडे या. ऐरोलीला राहता, म्हणजे ठाणे खाडी तुम्हाला जवळच. तिथे सर्वात जास्त झाडं तिवराची, अविसेनिया मरिना. त्याच्या मुळांशी खारं पाणी असतं. आपल्या बागेतलं कुठलंही झाड तिथे लावलं तर सुकेल, कारण मिठाच्या पाण्यामुळे पाणी पेशीत शिरण्याऐवजी बाहेर जाऊ लागेल. तिवर तीन गोष्टी करतं. बरंचसं मीठ मुळांशीच अडवतं. आत आलेलं मीठ रिक्तिकेत कोंडतं, म्हणजे विकरं जिथे काम करतात त्या पेशीद्रव्याला त्याचा त्रास होत नाही. रिक्तिकेच्या बरोबरीनं पाणी धरून ठेवायला ते पेशीद्रव्यात ग्लायसिन बीटेनसारखी निरुपद्रवी द्रव्यं साठवतं. आणि उरलेलं मीठ पानांवरच्या खास ग्रंथींतून बाहेर टाकतं. कोरड्या दिवसांत तिवराचं पान नीट बघितलं तर मिठाचे बारीक कण दिसतात, जिभेला लावलं तर खारट लागतं. एका रिक्तिकेच्या भरवशावर हे अख्खं जंगल उभं आहे. अशा भागाला 'टाकाऊ पदार्थ साठवते' म्हणून मोकळं होऊ नये, असं मला फार वाटतं.

त्याच खाडीत तुमच्या तक्त्यातले तिन्ही रकाने एकत्र सापडतात. चिखलात आणि पाण्यात नीलहरित जिवाणू असतात. त्यांना केंद्रक नाही, हरितलवक नाही, तरी ते प्रकाशसंश्लेषण करतात, कारण हरितद्रव्याची पटलं त्यांच्या पेशीतच पसरलेली असतात. झाडांमधलं हरितलवक त्यांच्याच पूर्वजांपासून आलं, जसं ताईंनी तंतुकणिकेचं सांगितलं तसंच. हे जिवाणू आणि शैवाल जी कॅरोटिनॉइड रंगद्रव्यं बनवतात, ती खाण्यातून खाडीत येणाऱ्या फ्लेमिंगोंच्या पिसांत उतरतात. फ्लेमिंगोचा गुलाबी रंग त्याच्या स्वतःच्या पेशी मुळातून बनवत नाहीत. आणखी एक गंमत: पक्ष्यांच्या तांबड्या रक्तपेशीत केंद्रक असतं. म्हणजे 'तांबड्या पेशीत केंद्रक नसतं' हे माणसाबद्दल खरं, फ्लेमिंगोबद्दल नाही.

एक भर मात्र घालायलाच हवी. वनस्पतीत हरितलवक असतं म्हणून तंतुकणिका नसते, असा समज वर्गात मला वारंवार आढळायचा. दोन्ही असतात. हरितलवक दिवसा साखर करतं. ती जाळून ऊर्जा काढायचं काम तंतुकणिका रात्रंदिवस करते. कांद्याच्या त्या रंगहीन पेशीतही तंतुकणिका आहेत, शाळेच्या मायक्रोस्कोपला दिसत नाहीत इतकंच.

तुळशीच्या प्रश्नाला पुरावा हवा असेल तर: प्रयोगशाळेत काचेच्या बाटलीत रोपं वाढवताना, त्यांत मुद्दाम सोडलेले जिवाणू नंतर मारायला सेफोटॅक्सिमसारखी पेनिसिलिनच्या नात्यातली औषधं घालतात. जिवाणू मरतात, रोपं वाढत राहतात. आणि तरीही या नियमाला एक विलक्षण अपवाद आहे. पावसाळ्यात सोसायटीच्या कंपाउंडवर जी हिरवी मखमल येते, ती बऱ्याचदा मॉस असते. फिस्कोमिट्रेला नावाच्या मॉसला ॲम्पिसिलिन दिल्यावर जपानी संशोधकांना दिसलं की मॉस मरत नाही, पण त्याची हरितलवकं दुभंगेनाशी होतात आणि पेशीत एकच अवाढव्य हरितलवक उरतं. पुढे कळलं की मॉसच्या हरितलवकाभोवती पेप्टिडोग्लायकॅनचा पातळ थर अजून शिल्लक आहे. जिवाणूचा वारसा इतक्या वर्षांनंतरही औषधाला सापडतो! तुमच्या मुलीनं तुळशीऐवजी मॉस म्हटलं असतं तर उत्तर निम्मं 'हो' द्यावं लागलं असतं.

खाडीकाठ_ऐरोली

ताई, सर, काय लिहिलंत तुम्ही! मुलीनं दोनदा वाचलं. केंद्रक कडेलाच दिसलं होतं म्हणते. आणि मॉसचं वाचून लगेच खाली कंपाउंडवर जाऊन हात लावून आली.

आता तिला घरी बघायचंय. मोठा मायक्रोस्कोप घेणं आत्ता शक्य नाही. शाळेतल्या बाई फोल्डस्कोप म्हणून कागदाचा मायक्रोस्कोप असतो असं म्हणाल्या. त्यात जिवाणू दिसतात का? आणि कांद्याशिवाय काय बघता येईल?

स्लाइडवाली_ठाणे

आधी नेरूळच्या मुला/मुलीला. तुझं परीक्षेचं बरोबर आहे, तिथे पुस्तकाचीच आकृती काढायची. पण प्रयोगवहीत 'कांद्याच्या पापुद्र्याचे निरीक्षण' असं शीर्षक असेल तर जे दिसलं तेच काढायचं. दोन वेगळ्या गोष्टी आहेत. निरीक्षणात न दिसलेलं काढायची सवय लागली तर पुढे लॅबमध्ये ती महागात पडते. आमच्याकडे न दिसलेला जिवाणू रिपोर्टात लिहिला तर रुग्णाला नको ते औषध जाईल.

एसचं असं: ते वजनाचं एकक नाही. स्वेदबर्ग एकक. सेंट्रिफ्यूजमध्ये जोरात फिरवल्यावर कण किती वेगानं खाली बसतो, त्याचं ते माप. तो वेग वजनावर आणि आकारावरही ठरतो. दोन भाग एकमेकांना चिकटून बसले की एकत्रित कणाचा द्रवाशी होणारा अडथळा सुट्या दोघांच्या मानानं कमी असतो, पण दोघांच्या वेगाची बेरीज होत नाही. म्हणून ५० आणि ३० मिळून ७०. वजनाची बेरीज मात्र बरोबर जमते.

आता फोल्डस्कोप. स्टॅनफर्डच्या मनू प्रकाश यांच्या प्रयोगशाळेत तो तयार झाला. सुमारे १४० पट मोठं दिसतं आणि दोन मायक्रॉनपर्यंतचा तपशील मिळतो (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). आकारांचा अंदाज असा घ्या: आमच्या लॅबमध्ये तांबडी रक्तपेशी हीच मोजपट्टी, ७ ते ८ मायक्रॉन. गालाच्या आतली पेशी ५०-६० मायक्रॉन. कांद्याची पेशी तर मिलिमीटरच्या पाव भागाएवढी किंवा त्याहून लांब. जिवाणू मात्र एक-दोन मायक्रॉन. म्हणजे कांदा आणि गाल छान दिसतील, जिवाणू अगदी सीमेवर. दह्यातले जिवाणू काड्या आणि साखळ्या म्हणून नीट बघायचे तर शंभर पट मोठं दाखवणारी लेन्स आणि तिच्यासाठीचं खास तेल (ऑइल) लागतं. शाळेत ती असेल तर बाईंना विनंती करा.

मिळाली तर हे एकच करा. स्वच्छ काडीनं गालाची आतली बाजू हलकेच घासायची, स्लाइडवर पसरायची, वाळवायची, मिथिलीन ब्लूचा थेंब टाकून मिनिटभरानं धुवायचं. मोठ्ठी फिकट निळी पेशी दिसेल, मध्ये गडद निळं केंद्रक, आणि तिच्यावर बसलेले बारीक निळे ठिपके, कुठे काड्या. ते तोंडातले जिवाणू. प्राणी पेशी आणि जिवाणू पेशी एकाच नजरेत, शेजारी शेजारी, एकाच प्रमाणात. त्यांच्या आकारातला फरक कुठल्याही आकृतीत इतका खरा दिसत नाही, कारण पुस्तकात तिन्ही पेशी सारख्याच मोठ्या छापतात. हॉलंडच्या लेवेनहुकनं १६८३ मध्ये दातांवरचं किटण स्वतः बनवलेल्या भिंगाखाली धरून हेच जिवाणू पाहिले होते, आणि त्याच्याकडे रंगही नव्हता.

मिथिलीन ब्लू मासे विकणाऱ्या दुकानात मिळतं, टाकीतल्या माशांच्या औषधासाठी ठेवतात. एक थेंब पुरतो. कपड्यावर पडला तर डाग सहजी निघत नाही, तेवढी काळजी घ्या.

तिवर

त्याच मासेवाल्या दुकानातून हायड्रिला या पाणवनस्पतीची एक काडी आणा. तिचं पान पेशींच्या दोनच थरांचं असतं, कापायची गरज नाही, अख्खं पान पाण्याच्या थेंबात ठेवायचं. पुस्तकातली हिरवी हरितलवकं इथे बघायला मिळतील. पान थोडं उन्हात ठेवून मग बघितलं तर हरितलवकं भिंतीलगत एका दिशेनं सरकताना दिसतात. ती स्वतः पोहत नाहीत, पेशीद्रव्यच फिरत असतं आणि त्यांना घेऊन जातं. शाळेच्या मायक्रोस्कोपखाली हे सहज दिसतं. फोल्डस्कोपमध्ये हात स्थिर ठेवावा लागेल.

दुसरं म्हणजे ऱ्हिओ. पानं वरून हिरवी, खालून जांभळी, सोसायट्यांच्या बागेत कडेनं लावतात. माळीकाकांना विचारून एक पान घ्या. ते खालच्या बाजूकडे तिरकं फाडलं की कडेला पातळ जांभळा पापुद्रा सुटतो. तो जांभळा रंग रिक्तिकेतला आहे, म्हणून कुठलाही स्टेन न घालता रिक्तिका किती मोठी असते ते दिसतं. आधी साध्या पाण्यात बघा: प्रत्येक खाना काठोकाठ जांभळा. मग १०० मिली पाण्यात ५ ग्रॅम मीठ विरघळवा, म्हणजे साधारण एक चहाचा चमचा, आणि कव्हरस्लिपच्या एका कडेला त्याचे दोन थेंब सोडा. समोरच्या कडेला टिपकागद किंवा टिश्यू लावून आतलं पाणी ओढून घ्या, म्हणजे मिठाचं पाणी आत येईल. काही मिनिटांत जांभळा भाग भिंतीपासून सुटून आत गोळा होऊ लागतो. भिंत जागच्या जागी राहते, आणि प्रद्रव्यपटल तिच्यापासून वेगळं असतं हे पहिल्यांदा डोळ्यांना दिसतं. एरवी ते भिंतीला इतकं चिकटून असतं की दिसतच नाही. लगेच त्याच पद्धतीनं साधं पाणी घातलं तर रंग परत पसरतो. फार वेळ मिठात ठेवू नका, पेशी मेली की पटल रंग धरून ठेवत नाही आणि तो बाहेर झिरपतो.